घोट्याएवढं पाणी

(रोजचा फोन. वेनिंग समारांग शहरात, तिचे वडील बापक किनाऱ्यावरच्या गावात.)

बापक: लिहिलंस का? आज पाणी घोट्याएवढं.

वेनिंग: लिहिते हो. सहा वर्षं तेच लिहितेय. दिवसभर लोकांच्या दुकानांच्या चकचकीत वेबसाइट बनवते, पण पहिलं उघडते ते आपल्या गावच्या वेबसाइटचं पान. घोट्याएवढं लिहिलं की जीव भांड्यात पडतो.

बापक: तायवानला कामाला गेलेली आपली पोरंही तेवढंच बघतात आणि कामाला लागतात.

वेनिंग: आज काय दिसतंय तिथून?

बापक: भरती भरलीय. मघाशी न्हाणीघरात एक चंदेरी मासा आला आणि माझ्याकडे बघत राहिला. म्हटलं, बस बाबा, चहा घेणार? मशिदीची सावली पाण्यात अशी हलतेय, जणू अख्खं गाव झोपेत कूस बदलतंय.

वेनिंग: लहानपणी मला वाटायचं, समुद्र आपल्याला भेटायला येतो.

बापक: येतच होता. आता मुक्काम ठोकलाय.

वेनिंग: बापक, सरकारी कचेरीतून पत्र आलंय. उंचावरच्या वसाहतीत कुठली गावं न्यायची ते त्यांच्या एआय यंत्रानं ठरवलं, गावोगावच्या वेबसाइट वाचून. आपलं गाव यादीत नाही.

बापक: का म्हणून?

वेनिंग: सहा वर्षांत पाणी बोटभरही चढलं नाही म्हणून. तुम्ही सांगितलं, मी लिहिलं, त्यानं वाचलं. हरकत घ्यायला आज दुपारपर्यंत मुदत आहे.

बापक: बातम्यांत तर म्हणतात, यंत्राला सगळं कळतं. होडीत घालून आण की त्याला इकडे!

वेनिंग: थट्टा पुरे. निम्मं गाव बुडालं, मग आपल्याकडे घोट्याएवढंच कसं?

बापक: अठ्ठावीस वर्षं गावचा कारकून होतो मी. दारात उभा राहतो, पाय बघतो, दिसतं ते सांगतो.

वेनिंग: जमिनीवर उभं राहून?

बापक: मग काय हवेत?

वेनिंग: आणि ती जमीन या सहा वर्षांत किती वेळा भरून घेतलीत?

बापक: सगळेच घेतात. माती टाकायची, वर सिमेंट.

वेनिंग: किती वेळा, बापक?

बापक: तीनदा. छप्पर डोक्याला लागतं आता. तुझी आई असती तर म्हणाली असती, वाकलात बाई एकदाचे!

वेनिंग: म्हणजे पाण्याबरोबर तुम्हीही वर चढत राहिलात. आणि मी वेडी, निवांत झोपत होते.

बापक: ठाऊक होतं मला. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी होडी घेऊन दारात आली असतीस. तुझ्या आईला टाकून कुठं जाऊ? ओहोटीला तिच्या कबरीचा दगड वर येतो. मी हाक मारतो.

वेनिंग: तुम्ही एकटे असतात तर मीही गप्प बसले असते. पण शेजारच्या सुलास्त्री काकूंची सून बाळंतीण आहे. सतरा घरं आहेत अजून.

बापक: तिचं बाळ रात्रभर टेबलावर झोपवतात.

वेनिंग: मग?

बापक: मग काय. चुकलंच माझं.

वेनिंग: खरी उंची कशी काढायची? जुनी जमीन तर खाली गाडली गेली.

बापक: दाराच्या चौकटीवर आईनं सुरीनं खुणा केल्यात ना. दर ईदला तुला जुन्या जमिनीवर उभी करून उंची मोजायची.

वेनिंग: त्या आहेत अजून?

बापक: थांब, वाकून बघतो. सातव्या वर्षापर्यंतच्या सिमेंटखाली गेल्या. आठवी पाण्यात आहे. नववीला पाणी टेकलंय.

वेनिंग: नऊ वर्षांची मी एवढी होते?

बापक: एवढीच होतीस. टाचा उंच करायचीस, आई ओरडायची.

वेनिंग: गाव सोडलं तरी ओहोटीला येत जाऊ आपण, बापक. होडीनं. तिला भेटायला.

बापक: दर शुक्रवारी?

वेनिंग: दर शुक्रवारी. आता हरकत लिहू का? यंत्राला आकडा लागतो.

बापक: आकडा तू काढ. मी एवढंच सांगतो, दहावी खूण अजून कोरडी आहे. तेवढ्यात ये न्यायला.