सासऱ्यांचे डोळे

...नाही, पण मी म्हणतो, चालत होता ना जुना संगणक? चालू व्हायला वेळ घ्यायचा, मान्य! मी बटण दाबून आंघोळ उरकून यायचो तरी आपला कण्हतच असायचा, पण चालत होता! तुम्हाला सांगतो, माझा फोटो स्टुडिओ आहे. लोकांचे मुरूम पुसायचे, टकलावर केस पेरायचे, हा माझा धंदा, आणि त्याची सगळी हत्यारं त्या संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये. तेवढं फक्त नव्या संगणकावर न्यायचं होतं हो! तर आमचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, संगणकाचं दुकान आहे त्याचं, तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, ‘‘दाजी, दोन क्लिकचं काम आहे!’’

दोन क्लिकचं! मी चहा टाकायला आत गेलो, बाहेर येतो तर जुना संगणक पुसून कोरा करकरीत. आणि नवा काय म्हणतो? ‘हे सॉफ्टवेअर दुसऱ्या संगणकावर सुरू आहे. आधी तिकडे बंद करा.’ अरे, तिकडे कुठे? म्हणजे मेलेल्या माणसाची सही आणा म्हणण्यातला प्रकार! मदत केंद्राला फोन लावला, तर एक बाई, काय तो गोड आवाज... ‘‘सर, कृपया जुन्या संगणकावर जा.’’ म्हटलं, ‘‘बाई, तो गेला हो!’’ तर म्हणते, ‘‘काही हरकत नाही सर, तो परत आला की फोन करा.’’

बरं, रडतखडत एकदाचं सुरू झालं. मी हुश्श म्हणून सासरच्या सगळ्यांचा एक जुना फोटो उघडला, आणि बघतो तर काय... सासऱ्यांचे डोळे मिटलेले!

आता तुमच्यापासून काय लपवायचं? आमचे सासरे कॅमेरा दिसला की डोळे मिटतात. स्वतःच्या लग्नातही मिटलेलेच. म्हणून मी काय केलं होतं, त्या फोटोत त्यांना मेहुण्याचे डोळे लावले होते. त्याच्या पासपोर्ट फोटोतले. आणि लोकांना काय कौतुक! सासूबाई येईल त्याला भिंतीपाशी नेऊन दाखवायच्या, ‘‘बघा, मुलगा कसा वडिलांवर गेलाय! डोळे तर तंतोतंत!’’ तंतोतंत असणारच की हो, त्याचेच होते ते! आणि दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. हाच फोटो दाराएवढा मोठा करून द्यायचं बायकोनं माहेरी कबूल केलेलं. भिंतीवरचा पोस्टकार्डाएवढा, तो मोठा केला की सगळे धुक्यात उभे. आणि मिटल्या डोळ्यांचा नेला, तर सासूबाई विचारणार नाहीत का, मग इतकी वर्षं माझ्याकडे बघत कोण होतं?

मेहुण्याला म्हटलं, ‘‘अरे, माझी दुरुस्त केलेली कामं? तुझा तो पासपोर्ट फोटो? कुठंय सगळं?’’ तर खांदे उडवून म्हणतो, ‘‘तो कचरा कशाला आणायचा दाजी? मूळ फोटो आणले ना!’’ आणि त्या मूळ फोटोत हा पठ्ठ्या स्वतः काळा गॉगल लावून उभा!

म्हटलं ठीक आहे, डोळे तर समोरच बसलेत. ‘‘नव्या संगणकावर फोटो कसा दिसतो बघू या,’’ अशी थाप मारली, त्याला स्टुलावर बसवलं आणि क्लिक. डोळे मिटलेले. परत क्लिक. परत मिटलेले! अरे, पासपोर्टच्या वेळी तर वटारून बसला होतास! पण तेव्हा परदेशी जायचं होतं ना! आता चाळिशी आली, वळण कुठे जातंय? दोन क्लिक झाले, आणि गेला की हो वडिलांवर, खरोखरचा! वर मलाच, ‘‘झालं ना दाजी? बघा, दोन क्लिकचं काम!’’

तिकडे छपाईवाला दुकान बंद करायला निघालेला. मग काय करणार? मनात म्हटलं, क्षमा असावी, आणि माझेच डोळे लावले.

वाढदिवसाला फोटोवरचं कापड काढलं. टाळ्या! सासरे खूश. सासूबाई मात्र चष्मा पुसून जवळ गेल्या, लांब आल्या, परत जवळ गेल्या आणि म्हणाल्या, ‘‘अगं बाई, हे माझ्याकडे एवढे घाबरून कधी बघत होते?’’ मी आपला छताचा पंखा बघतोय. तेवढ्यात बायको शेजारी येऊन उभी राहिली. फोटो बघितला, मला बघितलं, आणि हळूच कानात म्हणते कशी, ‘‘हे डोळे मी ओळखते हं. काहीतरी लपवून ठेवलं की असेच होतात.’’

तो फोटो आता सोफ्यासमोरच्या भिंतीवर लागलाय. सासरी गेलो की मी मुकाट्यानं एक खुर्ची घेतो आणि भिंतीकडे पाठ करून बसतो. काय करणार? स्वतःच्याच नजरेला नजर देववत नाही हो!