शनिवारची बैठक आणि एकदम काढलेले चार फोटो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय विश्वजीत साहेब, मुख्याध्यापिका विजयमाला मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या सेवानिवृत्तीनिमित्त आपण जमलो त्या प्रेमलाबाई, सर्व शिक्षक, पालक आणि हे भाषण कधी आटपतंय याची वाट पाहणारे विद्यार्थी, सर्वांना सविनय जयभीम आणि नमस्कार.

मी भीमराव, आपल्या ग्रंथालयाचा परिचर. माझी शाळा सातवीपर्यंतच झाली. पुढचं पुस्तकांवरची धूळ पुसता पुसता वाचून घेतलं. त्यामुळे माझ्या बोलण्यात विद्वत्ता सापडणार नाही. राग मात्र सापडेल, तो आधीच कबूल करतो.

बारा वर्षांपूर्वी बाईंनी शनिवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयात शिक्षकांची बैठक सुरू केली. अर्धा तास. या आठवड्यात आपला कुठला तास फसला ते सांगायचं. ऐकणाऱ्यांनी आधी प्रश्न विचारायचे, उपदेश करायचा नाही. पहिल्या दिवशी बाईच म्हणाल्या, "अपूर्णांकाच्या तासाला निकिताच्या उत्तरावर मी हसले. तेव्हापासून ती हातच वर करत नाही."

त्यावर आमचे अभय सर म्हणाले, "अहो बाई, तुमचाही तास फसतो? मग मी उद्यापासून ताठ मानेनं शाळेत येतो!"

हशा झाला आणि माणसं मोकळी झाली. सरांनीच पुढे विचारलं, "पण ती शेजारणीशी तरी बोलते का?" बोलत होती. बाईंनी तिला शेजारणीलाच शिकवायला लावलं. महिन्याभरात पोरगी फळ्यापाशी उभी राहिली. आज हिंजवडीच्या कंपनीतून सुट्टी काढून आलीय, बसलीय बघा तिसऱ्या रांगेत.

मग वरून पत्र आलं. अशा बैठकांचा दरमहा अहवाल पाठवा, फोटोसह. म्हटलं, बरं झालं, कुणीतरी दखल घेतली. कसलं काय! गेल्या महिन्यात पहिल्याच शनिवारी चारही शनिवारांचे फोटो उरकले. अभय सर एकदा जाकीट घालून, एकदा काढून. "भीमराव, खुर्च्या फिरवा, हा तिसरा शनिवार!" आणि मी शहाणा, फिरवल्या. चारही फोटोंत भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजलेत. अहवालावर शेरा आला, 'उल्लेखनीय'. आहेच म्हणा.

फोटो संपल्यावर बाई म्हणाल्या, "आता बसू या का? मला एक विचारायचंय."

"बाई, महिन्याची बैठक झाली की!" म्हणत सगळ्यांनी पिशव्या उचलल्या. बाईंनी उघडलेली वही मिटली. मी विचारलं, "काय विचारायचं होतं, बाई?"

"नववीतला तेजस माझ्या तासाला एक अक्षर लिहीत नाही, भीमराव. बाकीच्यांच्या तासाला लिहितो. मी कुठं चुकतेय, तेच कळत नाहीये."

छत्तीस वर्षं शिकवलेली बाई स्वतःची चूक शोधायला बसली होती आणि शेजारी बसायला एकही शिक्षक नव्हता! अभय सर, रागावू नका. तुम्हीच विचारलेल्या प्रश्नानं एक पोरगी बोलती झाली होती, म्हणून तर जीव तुटतो. आणि खुर्च्या मीच फिरवल्या, तेव्हा निम्मा राग माझा माझ्यावर आहे.

आज बाईंना शाल दिली, श्रीफळ दिलं. त्यांनी मागितलेला अर्धा तास तेवढा आपण दिला नाही. तेजस अजून लिहीत नाही, आणि सोमवारपासून त्याचा तास तुमच्यापैकी कुणीतरी घेणार आहे.

उद्या शनिवार. साडेअकराला ग्रंथालय उघडं ठेवतो. बाई येणार आहेत, मी विचारून ठेवलंय. फोटो निघणार नाही, अहवालही जाणार नाही.

अध्यक्ष महाराजांनी मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. नाहीच घालता आलं, तर उद्या साडेअकराला या आणि मी कुठं चुकलो ते समोर बसून सांगा.