बावीस मास्तर अन् एकेक चिचोका

...आता मलेच दोष देऊन राहिले सारे! म्हनते, सुखराम वाढयानं शिकल्यासवरल्या मास्तरायले चिचोके चघळाले लावले. हाव, लावले! नाही म्हनत नाही ना जी मी! पन पुरं ऐकून त घ्या. मी गेलो होतो का तेथी आपल्या पायानं? मी एकोडीचा सुतार मानूस, माह्या अंगनात बंडीचं चाक करत बसलो होतो, मे महिन्याचं ऊन, वर आंब्याची सावली, तोंडात तंबाखू... आनंदात होतो बाप्पा! त सानगडीच्या हायस्कुलाचे हेडमास्तर भय्याजी सायकल हानत आले. घामानं निथळून राहिले. "सुखराम, चल!" मी म्हटलं, "कोन मेलं जी?" "मेलं नाही कोणी. निदेशक पळाला!"

आता हा निदेशक कोन? त तुमाले सांगतो, सरकारनं त्या सालात नवा विषय काढला होता, कार्यानुभव. म्हनजे पोरायनं नुसतं घोकाचं नाही, हातानं काही कराचं. लाकूडकाम, चटया, खडू, असं. बरोबर हाये! पन पोरायले शिकवाचं त आंधी मास्तरायले आलं पाहिजे का नाही? म्हनून उन्हाळ्याच्या सुट्टीत जिल्ह्यातले बावीस हायस्कूल मास्तर सानगडीले गोळा केले. एकवीस दिवसाचं शिबिर. शिकवाले नागपूरवरून एक निदेशक आला, दोन दिवस राह्यला, तिसऱ्या दिवशी ऊन लागलं म्हनून जे गेला ते गेला! अन् शेवटच्या दिवशी शिक्षन खात्याचे साहेब परीक्षा घ्याले येनार. एकेका मास्तरानं आपल्या हातानं स्टूल कराचं, साहेब त्याच्यावर बसून पाह्यनार. स्टूल टिकलं त सर्टिफिकेट, मोडलं त घरी!

मी म्हटलं, "भय्याजी, मी दुसरीतून पळालेला मानूस. मले अंगठ्याशिवाय सही येत नाही." त म्हनते, "अरे, तुला शिकवायचं कुठं आहे? दाखवायचं आहे!" अन् बसवलं सायकलच्या डंड्यावर. सांगा, याच्यात माहा काय गुन्हा?

गेलो. पाह्यतो त काय... वऱ्हांड्यात बावीस मास्तर, पांढरे झक कपडे, अन् हातात करवत नाही, रंधा नाही, वही! मी करवत उचलली, म्हटलं, "हे करवत." बावीस मुंड्या खाली, लिहून घेतलं! म्हटलं, "हे लाकूड." लिहून घेतलं! मले ठसका लागला, दोघायनं तेही लिहून घेतलं असंन, देवाले मालूम! एक जन उभा राह्यला, "गुरुजी, करवतीची व्याख्या सांगा." व्याख्या? म्हटलं, "जे लाकूड कापते अन् नवख्याचं बोट कापते, ते करवत." सारे लिहून राहिले, अन् मांगून एक बाई म्हनते, "गुरुजी, आधी बोट की आधी लाकूड?"

हे निर्मलाबाई. सिहोऱ्याच्या शाळेतल्या. बहुत तेज बाई! सारे मास्तर लिवत, अन् हे बाई लिवता लिवता माह्या तोंडाकडं पाहे. मले तिचा मोठा धाक बाप्पा.

अन् दुसरे मधुकरराव. हे सानगडीच्याच शाळेतले, संस्कृतचे मास्तर. आता संस्कृत घ्याले पोरं कोन? त्या साली तीन होते, त्याच्यातला एक नापास होऊन गेला. संस्थेचे सेक्रेटरी म्हनले, "मधुकरराव, कार्यानुभवाचं सर्टिफिकेट आणा, त्या विषयाला ठेवतो. नाही आणलं तर नमस्कार!" अन् नोकरी गेली त कुठं जाचं? त तुमसरले, सासऱ्याच्या दुकानात गूळ तोलाले! सासऱ्यानं त गादीबी टाकून ठेवली होती म्हने. सासरा लगनापासून म्हनून राहिला होता, "जावईबापू, श्लोकानं कुठं पोट भरते का?" आता सांगा, ज्या मानसानं वीस वर्सं सासऱ्याले उत्तर देलं नाही, तो त्याच्या पुढ्यात बसून गूळ तोलन?

पन त्या मानसाचं तोंड! करवत लाकडावर ठेवली का सुरू. "पाहा गुरुजी, हा दात, म्हणजे दंत, आणि हे काष्ठ, आता दंत आणि काष्ठ यांचा संबंध..." अन् संबंध लागेपर्यंत करवत इकडून तिकडं, बांधावरच्या पायवाटेवानी! पेन्सिलची रेघ एकीकडं, काप दुसरीकडं. पाच दिवसात एक स्टूल उभं केलं, चार पाय चार गावचे! म्हटलं, "मास्तर, हे बसाले हाये का घसराले?" हासले बिचारे. मंग खालीच बसले, अन् हळूच म्हनते, "गुरुजी, तुम्ही कधी गूळ तोलला आहे का हो? हाताला चिकटत असेल ना?" मी त्यायच्या स्टुलाले पाचर मारत बसलो.

आता चिचोक्याचं आयका. दोन-चार मास्तर मांगं लागले, "गुरुजी, प्रात्यक्षिक झालं, सिद्धांत सांगा!" मले काय मालूम सिद्धांत? शाळेच्या मांगं चिचेचं झाड, खाली चिचोक्यायचा सडा. अन् माह्या अंगात लहानपनापासून थट्टेचं भूत हाये, तुमाले मालूमच हाये! मी खाकरलो अन् म्हटलं, "लिहून घ्या. करवत चालवताना डाव्या गालात चिचोका ठेवाचा. उजव्या गालात ठेवला त काप उजवीकडं जाते." लिहून घेतलं! निर्मलाबाई म्हनते, "शास्त्रीय कारण?" म्हटलं, "बाई, करवत उजव्या हातात, जोर उजवीकडं. डावीकडं तोलाले काही नोको का?" बाकीच्यायनं 'तोल' शब्दाखाली रेघ मारली. बाई म्हनते, "मग तुमच्या गालात का नाही?" म्हटलं, "माह्या गालात तंबाखू हाये ना!"

दुसऱ्या दिवशी पाह्यतो त बावीस मास्तरायचे डावे गाल फुगलेले! मी विहिरीमांगं जाऊन असा हासलो का पोटात कळ आली. नोको होतं हासाले, मान्य. पन चिचोका शोधाले मी कोनाच्या मांगं काठी घेऊन उभा होतो का? याच्यात माहा काय गुन्हा?

पन तुमाले सांगतो, नवल झालं! मधुकररावाच्या गालात चिचोका, म्हनून तोंड बंद. तोंड बंद म्हनून डोळा रेघेवर. डोळा रेघेवर म्हनून करवत... सरळ! काप पडला त असा का मी काटकोन पाह्याचा गुन्या लावून पाह्यला, केसाएवढा फरक नाही! मानसानं चिचोका काढून खिशात ठेवला, अन् येऊन माह्या पायावर डोकं ठेवलं. भरल्या वऱ्हांड्यात! "गुरुजी, मी वाचलो!" अरे, मी दुसरीतून पळालेला, अन् हा मानूस... मले कसंतरीच झालं. त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

अन् मंग मी घोटाळा केला. परीक्षेच्या आदल्या दिवशी मले निर्मलाबाईनं धरलं. "गुरुजी, चिचोक्याचं खोटं आहे ना?" मी रंध्याचं पातं पुसाले लागलो. म्हनते, "माझं सोडा, मी पहिल्या दिवशीच थुंकला. पण मधुकररावांना सांगा. उद्या साहेबानं विचारलं तर तो भला माणूस भर सभेत चिचोक्याचा सिद्धांत सांगेल!" बरोबर होतं बाईचं. गेलो, हात जोडले, म्हटलं, "मास्तर, थट्टा केली जी. चिचोक्यात काही नाही."

तोंड उतरलं मानसाचं. रागावले नाही हो! रागावले असते त बरं झालं असतं. नुसतं म्हनले, "म्हणजे माझी सरळ रेघसुद्धा थट्टाच?" अन् जे तोंड सुरू झालं! दंत, काष्ठ, भ्रम, सत्य, अन् करवत गेली वाकडी, चौथा पाय बाद! खोटं सांगतलं त सरळ, खरं सांगतलं त वाकडं! आता तुमीच सांगा, याच्यात माहा काय गुन्हा?

सकाळी साहेब आले. जीपमधून उतरले त जीप वर उचलली गेली, असा मानूस! स्टुलायकडं पाहून मलेच घाम फुटला. साहेबानं पह्यल्या मास्तरले विचारलं, "नाव काय?" तो म्हनते, "हुहहाम." दुसरा म्हनते, "हें... हुंहुंलाल." साहेब भय्याजीकडं वळले, "काय हो, सगळ्यांचे दात दुखतात की काय?" भय्याजी काय सांगन, त्याले कुठं मालूम! एकानं घाबरून चिचोका गिळला, अन् दिवसभर पोट दाबत फिरला.

शेवटी मधुकररावाची बारी आली, चौथा पाय अजून कापाचाच होता. गालात काही नाही, अन् ओठ सुरू... "सर, हा जो चौथा पाय, म्हणजे पाद..." मी जागेवरून उठलो. लाकूड धराले आलो असं दाखवलं, अन् कानात म्हटलं, "मास्तर, चिचोका खोटा होता. पन रेघ कोन मारली? मी पकडली होती का करवत? तुमीच ना? मंग चूप बसा, अन् कापा."

पाह्यलं माह्याकडं. ओठ मिटले. अन् करवत चालली... खर्र... खर्र... साहेब म्हनते, "हा कोणता सांधा?" उत्तर नाही. "मी विचारतोय, कोणता सांधा?" खर्र... खर्र... भय्याजीचा चेहरा पांढरा! साहेब म्हनते, "बहिरे आहेत का हे?" मले राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, करवत लाकडात हाये. बाहेर आली का बोलतीन." साहेबानं मले वरून खालपर्यंत पाह्यलं. म्हटलं, गेलं, सारं गेलं! निर्मलाबाईनं डोळे मिटून घेतले.

तुकडा टप्पकन खाली पडला. मधुकररावानं करवत खाली ठेवली, हात झटकले अन् म्हनले, "कुसाचा सांधा, सर." बस! एकोनवीस दिवसात त्या मानसाचं एवढं लहान वाक्य मी आयकलं नव्हतं.

पाय बसवला, खुट्टी मारली. साहेब बसले. स्टूल कुरकुरलं... माहा जीव कुरकुरला... अन् टिकलं! टिकलं म्हनजे कसं, त साहेब उठलेच नाही! तेथीच बसून त्यायनं चहा पेला, पोहे खाल्ले, अन् बावीस सर्टिफिकेटावर सह्या केल्या. मधुकरराव कोपऱ्यात जाऊन धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. मी तिकडं पाह्यलं नाही. माह्याबी डोळ्यात भुसा गेला होता.

नोकरी राह्यली मास्तरची. गादी तुमसरले तशीच पडली. चांगलं झालं, नाही म्हनत नाही. पन पुढं आयका! तो मानूस आता सुट्टीच्या दिवशी लोकायचं काम करून देते. बोलत नाही, चालत नाही, खर्र खर्र! माहे गिऱ्हाईक म्हनते, "सुखराम, तुह्या दरवाजाले पोळ्याचे तीन सन होऊन गेले. मास्तर सांगतल्या दिवशी देते!" आता सांगतल्या दिवशी देते तो काय वाढई झाला? आमच्या धंद्याची इज्जत घालवली त्यानं!

अन् परवा त हद्द झाली. माही घरवाली, पार्वता, डोक्यावर सागाची फळी घेऊन सानगडीले निघाली. म्हटलं, "कुठं?" म्हनते, "जेवाले पाट करून आनतो." म्हटलं, "काहून? घरात वाढई मेला का?" म्हनते, "तुमाले सांगून सहा वर्सं झाली. मास्तर बुधवारी देतो म्हनले."

अन् देला ना जी, बुधवारी! आता त्याच पाटावर बसून जेवतो. घरात कोनी नसलं का उलटा करून पाह्यतो, चारही कोपरे धरून हालवतो, बहुत हालवतो...

नाही हालत.