कोरड्या दिवशी भिजलेली घोडी

तुम्ही हसाल, पण मागच्या वैशाखात आमच्या पागेत हे घडलं. वळवाचे दिवस होते. इकडं ऊन, तिकडं गारा. माझे वडील, अप्पा, तेरणा नदी ओलांडून तहसीलदारांकडं गेले होते आणि त्यांची घोडी दुपारी एकटीच परतली. नखशिखांत चिंब.

"घाम असंल," आई म्हणाली.

खरारा करणाऱ्या करीमचाचांनी तिच्या मानेवरून बोट फिरवून जिभेला लावलं. "घाम खारट असतो, बाईसाहेब. हे पाणी हाय."

"म्हंजे नदीला पूर आला? आन् हे..." आई पागेच्या दाराशी धावली.

दिवस कलताना अप्पा पायी आले. धोतर कोरडं. मी रडतच धावले. "लई पाऊस झाला का, अप्पा?"

"कसला पाऊस? नदीत वाळू उडतीया. ही दावं तोडून पळाली, म्हणून चालत आलो."

चाचांनी खरारा खाली ठेवला. घोडीच्या शेपटीतून अजून पाणी ठिबकत होतं.