दाराशी बसणारी रांग

आवाज कशाला चढवताय, यशपाल? बसा की. तुमच्याच पोरीचं बोलतोय मी. हा भिंतीवरचा तक्ता बघा – हेडमास्तरच्या खोलीत उगाच लावलाय व्हय? दर महिन्याला एकेक पोर समोर उभं करून वाचायला लावतो आमी. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट – ज्याला जेवढं येतं त्यानं त्या रांगेत बसायचं. गोष्टवाले पंख्याखाली, अक्षरवाले दाराशी, चपलांजवळ. तुमची बुद्धप्रिया दाराशी. तिसरीत असून! लाज वाटली की पोरं शिकतात – हिला लाजच न्हाय, त्याला मी काय करू?

काय म्हणता? आधी वाचत होती? व्हय, तक्ताच सांगतोय की. दिवाळीपर्यंत गोष्टीवर होती, मग परिच्छेद, मग शब्द, आता अक्षर – जिना उतरल्यासारखी उतरली पोरगी. का म्हणजे? डोकंच तेवढं. चिंचोळीच्या कारखान्यात पोती उचलणाऱ्याच्या घरात पुस्तक उघडतंय कोण – राग मानू नका, आपलं खरं ते बोलतो. मॅडम? सिद्धेश्वरी मॅडम एकटी काय काय करणार? दिवाळीनंतर तर रुजू झाली, त्यात तान्हं बाळ – माझा नातूच की तो, सून हाय ती माझी – बाळाला घेऊनच येती बिचारी. आणि तुमची पोरगी अगदीच वाया न्हाय हां, बाळ लई छान सांभाळती! प्रार्थना झाली की व्हरांड्यात झोळीपाशी जी बसती, ती शाळा सुटेपर्यंत... असं काय बघताय माझ्याकडं? वर्गात बसून तरी काय दिवे लावणार होती?

मुद्दा ऐका. सोमवारी बाहेरची माणसं येतायत पडताळणीला. पोरांना वाचायला लावणार, त्यावर शाळेचा दर्जा ठरणार. त्या दिवशी हिला घरीच ठेवा. ताप आला म्हणा. अशी चार पोरं घरी राहिली की शाळा आपोआप सुधारती – मागच्या खेपेला सुधारलीच की, हार घातला मला संस्थेनं. तक्रार करणार? करा खुशाल. तक्त्यावर नाव तुमच्या पोरीचं हाय, मॅडमचं न्हाय.

चला, उठा आता, मला कामं हायत. आणि मंगळवारी पाठवा बरं का तिला, न चुकता – बाळ दुसऱ्या कुणाकडं राहत न्हाय.