मशीन ठीक निघालं

ये गं, अशी जवळ बस, दारात काय टेकलीस परक्यासारखी, आणि गेल्या खेपेला येते म्हणालीस नि आली न्हायस, मी घावणे करून ठेवले होते, ते शेवटी शेजारणीच्या कोंबड्यांनी खाल्ले. आणि तो फोन आत ठेव, बोलणं त्यात भरून घेऊ नकोस, हातानं लिही, हातानं लिहिताना माणूस जरा थांबतो. काय सांगू तुला, तू आलीस माझं कौतुक लिहायला, सातवी शिकलेली सुमनबाई प्रयोगशाळेतलं एवढं मोठं मशीन सांभाळायची म्हणून, आणि मी जे सांगणार हाय ते कौतुकाचं न्हाय.

माझं माहेर रेवदंड्याच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याला, भातशेती आमची. सासरही भातशेतीचंच. मालक लवकर गेले, मंग ओळखीच्या एकानं मला अलिबागला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लावलं, बाटल्या धुवायला. गावोगावच्या विहिरींचं, बोअरचं पाणी यायचं बाटल्यांतून. मला वाटायचं, पाणी ते पाणी, त्यात काय तपासायचं, तर तिथं गेल्यावर कळलं की नितळ दिसतं तेच जास्त फसवतं.

तर ते मशीन. स्पेक्ट्रो म्हणायचे सगळे, पुरतं नाव मला अजून एका दमात येत न्हाय. शिवणयंत्राच्या पेटीएवढं असेल. आत दिवा, दिव्याचा उजेड आरशावर पडतो, तिथनं फिरत फिरत त्यातला एकच रंग बारीक फटीतून बाहेर येतो आणि काचेच्या चौकोनी नळीतल्या पाण्यातून पार होतो. पाण्यात आधी औषध घालायचं, घाण असली की पाणी गुलाबी होणार, जेवढी घाण तेवढं गुलाबी, आणि गुलाबी पाणी हिरवा उजेड गिळतं. किती गिळला त्याचा आकडा मशीन देतं. पण उजेड सरळ पाण्यातून गेला पायजे, जरा वर सरकला की सगळं खोटं.

हे मला शिकवलं मशीनवाल्या साहेबांनी. मुंबईहून लाँचनं मांडव्याला उतरून यायचे दिवा बदलायला. एकदा चष्मा लाँचमध्येच विसरले, मंग मला हाक मारली, बाई, या कागदावर हिरवा चौकोन कुठं पडतो ते बघा जरा. नळीच्या जागी कागदाची पट्टी उभी करायची, वरनं काळं फडकं, आत डोकावायचं. मी म्हटलं, वर हाय. ते स्क्रू फिरवायचे, मी सांगायची, अजून, अजून, बस, उलटं गेलं, पाव आटा मागं घ्या. साहेब हसले, म्हणाले बाई, तुमची नजर चांगली हाय, आता हे तुम्हीच करा. तवापासून रोज सकाळी कागद मी लावायची, मंग ज्याचा आकडा आधीच ठाऊक हाय असं गुलाबी पाणी घालून बघायची, तोच आकडा आला की वहीत लिहायची, मंगच दिवसाचं काम सुरू. मोठमोठे शिकलेले म्हणायचे, सुमनबाईंना बोलवा, उजेड वाकडा झालाय. मला चढलं गं ते. खरं सांगते, चढलं.

वर्षा मॅडम पाणी तपासायला नवीन आलेली, पेणची, बारीकशी पोर, पण हाताला काय नेमकी. घरात मासळी चालत न्हाय आणि माझ्या डब्यातली सुकट मात्र रोज पायजे. म्हणायची, आईला कळलं ना सुमनबाई, तर मी तुमचंच नाव सांगणार. मी म्हणायची, सांग, मी घाबरते काय तुझ्या आईला.

आमच्याकडे दसऱ्याला मशीनची पूजा. सगळे वरनं पुसून हळदकुंकू लावायचे, झेंडू घालायचे. मला वाटलं वरनं पुसून काय, आपण आतनं पण साफ करू, म्हणून दिव्याचं झाकण काढलं, फडकं फिरवलं. फडकं स्क्रूला अडकलं, मी ओढलं. स्क्रू हलला हे तेव्हाच कळलं होतं मला. म्हटलं उद्या कागद लावीन तेव्हा बघते.

दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे, मला उशीर, गेली तर बाटल्यांची रांग लागलेली. मॅडम नळी हातात घेऊन उभी, म्हणाली सुमनबाई, तपासलं का? आणि मी म्हटलं, व्हय. वहीत आदल्या दिवसाचा आकडा लिहिला, त्यातला शेवटचा अंक तेवढा बदलला, खरा वाटावा म्हणून. बघ, खोटं करताना पण केवढी काळजी घेतली मी.

त्या रांगेत एका अंगणवाडीच्या विहिरीचं पाणी होतं. अहवाल गेला, पिण्यायोग्य. पोरं प्याली. पंधरा दिवसांत जुलाब, उलट्या, दोघीतिघी आया लेकरं घेऊन दवाखान्यात. पोरं वाचली, देवाची कृपा, पण गाववाल्यांनी पाणी दुसरीकडं तपासून घेतलं तर घाण भरपूर निघाली. फोन आला, चौकशी येणार.

दसऱ्यापासून भीतीनं कागद लावायचा टाळला होता, वहीत नुसते आकडे लिहीत होती, तो मी एकटी असताना लावला. हिरवा चौकोन वर सरकलेला, नळीत पाणी भरायचो त्याच्या काठावर. अर्धा उजेड पाण्यातून, अर्धा पाण्यावरून. गुलाबी गिळणार कसं? आणि मी काय केलं, स्क्रू फिरवला, चौकोन मधोमध आणला, झाकण लावलं.

साहेब लोक आले, मशीन तपासलं, एकदम ठीक. मशीन ठीक म्हणजे चूक माणसाची. एक जण म्हणाला, त्या दिवशी मशीन बिघडलेलं असेल का? तर वर्षा मॅडम म्हणाली, न्हाय, सुमनबाईंनी तपासलं म्हणजे तपासलंच, माझाच हात चुकला असेल. मी दाराशी उभी होती गं, पदराचं टोक पिळत. मंग आत जाऊन बाटल्या धुवायला घेतल्या.

तिची बदली झाली. जाताना माझ्या पाया पडली. मंग कळलं, तिनं नळी परत हातात धरली न्हाय, फायलींचं काम मागून घेतलं. म्हणायची म्हणे, माझ्या हातावर माझाच भरवसा न्हाय. असा नेमका हात. तो चुकलाच नव्हता, आणि हे जगात मला एकटीला ठाऊक.

माझी नोकरी पुरी झाली तेव्हा शाल दिली, नारळ दिला, भाषणात म्हणाले, प्रामाणिक बाई. ती शाल मी अंगावर घेतली न्हाय कधी.

आता डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, सुईत दोरा जात न्हाय. तू लिहिलंस ना सगळं? मी तोंडानं म्हटलेलं व्हय आणि खरं होतं ते न्हाय, दोन्ही लिहिलंस ना, मला सांभाळून घेऊ नकोस. हे कुठं छापायच्या आधी पेणला जा, तिथंच असते ती आता, वर्षाला वाचून दाखव, माझ्या नावानिशी. सांग, हात तुझा न्हाय चुकला पोरी, माझी जीभ चुकली. ती रागावली तर रागावू दे, तिचा हक्क हाय. माफ कर म्हणून विचारू नकोस तिला, मी मागत न्हाय. आली तर तिला घेऊन ये, न्हाय आली तर ती काय बोलली ते शब्दाला शब्द मला येऊन सांग. पण लवकर ये गं बाय, या आठवड्यातच ये.