पाच सेकंदांची मुदत

हॅलो?… हो वहिनी, मीच. दादाच्या कॉम्प्युटरसमोरच बसलेय… त्या दुपारी त्याने केलेलं रेकॉर्डिंग ना? तेच सांगायला… अगं ऐक ना. आधी रडणं थांबव.

नाही, तुझी चूक नाही. ॲम्ब्युलन्स दारात उभी असताना कॉम्प्युटर बंद करायचं सुचलं, हेच खूप. संध्याकाळपर्यंत तो परत येईल, असंच वाटत होतं आपल्याला… हो, हो, नीटच बंद केलास. बटण दाबून धरलं नाहीस, मेनूतून केलास. इथे नोंद आहे, चार वाजून दहा मिनिटं.

सोपं करून सांगते. दादाचा हा लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर बंद होताना चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला आधी सांगतो, आवरा आता. मग थांबतो. तरीही कोणाचं आवरलं नाही, तर सरळ मारून टाकतो… हो, मारणंच म्हणतात आम्हा कॉम्प्युटरवाल्यांत. काय करू.

दादाने रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम स्वतः लिहिलेला. बोलणं सगळं मेमरीत धरून ठेवायचा आणि आवरा म्हटल्यावर फाईल लिहायला घ्यायचा. त्याला अर्धं मिनिट लागायचं… मिळायला हवं होतं गं. एरवी नव्वद सेकंद थांबतो.

पाचच मिळाले.

…तेच सांगतेय. कोणीतरी नव्वदाचे पाच करून ठेवले होते… नाही, दादाने नाही. मागच्या वर्षी मी राहायला आले होते, आठवतं? बंद व्हायला किती वेळ खातो हा, म्हणून तू वैतागली होतीस. मी म्हटलं, थांब, आत्ता करून देते. कोण माझा तोरा. दादाला विचारलंसुद्धा नाही.

हो… वहिनी, मीच.

नाही, आता परत मिळणार नाही. मेमरीतलं होतं, कॉम्प्युटर बंद झाला की संपलं. तीन दिवस डिस्क धुंडाळतेय. मन मानत नव्हतं, म्हणून.

काय बोलला ते तुला आठवत असेल ना? तू सांग, मी लिहून घेते… बाहेर? तुला खोलीबाहेर का पाठवलं त्याने?…

रेकॉर्डिंग कोणासाठी?

…माझ्यासाठी?

मग आधी का नाही… हो. तुला वाटलं, तुझ्याच हातून गेलं. कळलं. नाही गं, तुझ्यावर कशाला रागावू…

किती वेळ बोलत होता?… पाऊण तास. एकटाच?… हसला? दाराबाहेर ऐकू आलं तुला?… दोनदा.

कशाला हसला असेल गं?

नाही, रडत नाहीये… नको, नंतर बोलू. ठेवते.